गवसणी तंबोऱ्याची आणि आकाशाची

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी एक मथळा ठरलेला : मुलींची यशाला गवसणी. फलंदाज शतकाला गवसणी घालतो, पैलवान गदेला, गिर्यारोहक एव्हरेस्टला. पण ही गवसणी मुळात वस्तू कसली, असं विचारलं तर भलेभले अडखळतील.

गवसणी म्हणजे खोळ. तंबोरा, सतार, वीणा यांच्यावर चढवायचा कापडी अभ्रा. मैफल आटोपली की शिष्य तंबोरा पुसतो, गवसणी चढवतो, नाड्या आवळतो. हे काम हलक्या हाताचं. आतला भोपळा वाळलेला असतो, जरा कुठे आपटला की तडा गेलाच.

हे भोपळे खाण्याचे नव्हेत, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातून ते मिरजेला येतात. तिथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावत. लढायांचे दिवस सरले आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेलीवरचा प्रत्येक भोपळा आपापल्या अंगाने फुगतो, त्यामुळे एका तंबोऱ्याची गवसणी दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही.

आकाशाला गवसणी घालणे यातली गंमत इथे कळते. खोळ शिवायची तर आधी माप हवं. आभाळाचा घेर कुठून धरायचा? नाडी कुठे बांधायची? म्हणजे मुळात हा वाक्प्रचार कौतुकाचा नव्हे, अशक्याचा. आवाक्याबाहेरचं काम सांगताना आकाश हाताशी घ्यायची रीत मराठीत जुनीच. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानेश्वर स्वतःच्या धाडसाला चोचीने समुद्र मापणारी टिटवी म्हणतात, आकाश मुठीत धरू पाहणारं चिलट म्हणतात.

मग अशक्याचं शक्य कधी झालं? ‘गवसणे’ म्हणजे सापडणे, हा शेजारचा शब्द बहुधा याला कारणीभूत असावा. गवसलं म्हणजे मिळालं, मिळालं म्हणजे गवसणी! शिवाय मथळ्याच्या अरुंद जागेत ‘गवसणी’ छान बसते. आकाश गळालं, शतक आलं. शतकाचं माप मात्र पक्कं असतं, शंभर धावांचं. त्यामुळे ही खोळ सहज चढते आणि जुन्या वाक्प्रचारातली हवाच निघून जाते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत गवसणी अजून कापडाचीच आहे, आणि ती बेतण्याआधी भोपळ्याचा घेर बघावा लागतो.