कुंपणाचा खांब आणि देहरादूनचं औषध



परसबागेला कुंपण करताना "औषध भरलेले लाकडी खांब घ्यावेत का?" असा प्रश्न बऱ्याच गटांमधून येतो. उत्तर देण्याआधी सेलू तालुक्यातल्या आमच्याच एका गटाची गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी या गटानं बचतीतून निलगिरीचे ४० खांब घेतले. विकणारा म्हणाला, "मशीनमध्ये औषध भरलेलं लाकूड आहे ताई, वीस वर्षं बघायचं काम नाही." खांब हिरवट दिसत होते. औषध कोणतं, हे त्याला सांगता आलं नाही आणि आम्हीही रेटून विचारलं नाही. खांब कापून उरलेले तुकडे एका ताईनं चुलीत घातले आणि नेहमीसारखी ती राख तुरीला लावून ठेवली. पुढं एका प्रशिक्षणात कळलं, की औषध भरलेल्या लाकडाची राख विषारी असू शकते. आता आमच्या लाकडात औषध होतं की नव्हतं? छातीठोकपणे कुणीच सांगेना. शेवटी ताईनं घरची पोतंभर तूर खड्ड्यात पुरली.

दुसऱ्या पावसाळ्यात खांब जमिनीलगत मोडून पडले. आत पाहिलं तर सगळं पांढरं, भुसभुशीत लाकूड. वरून नुसता रंग दिलेला होता. म्हणजे खांबही गेले आणि तूरही गेली.

तेव्हापासून मी या विषयावर वाचायला लागले. वाचता वाचता हा इतिहास हाती लागला, तोच आज सांगते.

खांब कुजतो कुठं, ते आधी बघा. वरचा भाग उन्हावाऱ्यानं वाळतो. खोल मातीत हवा कमी असते. जमिनीलगतच्या वीतभर जागेत मात्र ओलही असते आणि हवाही असते. लाकूड खाणारी बुरशी तिथंच वाढते, वाळवीही तिथूनच चढते. आपल्या काळ्या रानात तर ओल दिवसेंदिवस हटत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. जुन्या वाड्यातले सागवानी खांब बघा, एकही मातीत रोवलेला नाही. प्रत्येकाच्या बुडाशी दगडी उथळा आहे. लाकडाला माती लागू द्यायची नाही, हाच त्यामागचा हिशेब. कुंपण मात्र मातीतच उभं करावं लागतं. म्हणून शेताला बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घालायची आणि दरवर्षी नवी करायची, अशी रीत होती. नाहीतर घायपात, निवडुंग असं जितं कुंपण लावायचं. खांब रोवायचाच झाला तर त्याचं बुड जाळून काळं करायचं किंवा डांबर फासायचं. पण हे सगळे उपाय वरवरचे. लाकूड तडकलं की फटीतून पाणी आत शिरतंच.

लाकूड मातीत टिकवायची मोठी गरज पहिल्यांदा पडली ती रेल्वेला. रुळांखालचे लाकडी स्लीपर वर्षभर जमिनीवर ऊन-पाऊस खात पडलेले असतात. आपल्या देशात १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि मग लोहमार्ग पसरत गेला. एका मैलाला १७६० ते २००० स्लीपर लागायचे. आपल्या सेलूवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाईनही निजामाच्या काळात, १९०० सालाच्या आसपास, मीटरगेज म्हणून आली. साग, साल, देवदार ही टिकाऊ झाडं रेल्वेसाठी इतकी तुटली, की इंग्रज सरकारलाही धास्ती वाटली. १८६४ साली त्यांनी वनखातं काढलं. मग प्रश्न आला, की कमी टिकणारं लाकूड टिकाऊ करता येईल का?

वाट इंग्लंडमध्ये सापडली होती. १८३८ साली जॉन बेथेल नावाच्या माणसानं दाबानं औषध भरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ही पद्धत आपल्याला कुकरवरून समजेल. मोठी आडवी लोखंडी टाकी घ्यायची, त्यात वाळलेलं लाकूड ठेवून झाकण घट्ट लावायचं. आधी पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. मग औषध सोडायचं आणि वरून दाब द्यायचा. लाकडात बारीक बारीक नळ्या असतात, त्या रिकाम्या झालेल्या असल्यानं औषध खोलवर जातं. लाकूड ओलं असेल तर नळ्यांत आधीच पाणी, मग औषध जाणार कुठं? म्हणून लाकूड आधी वाळवावंच लागतं. बेथेलचं औषध होतं क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं काळं, उग्र वासाचं तेल.

पुढचा टप्पा आपल्या देशातला आहे. देहरादूनला १९०६ साली वन संशोधन संस्था सुरू झाली. तिथं सोंटी कामेशम हे भारतीय शास्त्रज्ञ लाकूड टिकवण्यावर काम करत होते. बुरशीला मारायला तांब्याचा क्षार चांगला. आपण फवारणीला वापरतो तो मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. वाळवीला आणि किड्यांना मारायला आर्सेनिक, म्हणजे सोमलातलं विष. पण दोन्ही पावसात धुऊन जातात. कामेशम यांनी १९३३ साली त्यात क्रोमियमचा क्षार मिसळला. क्रोमियमनं ती दोन्ही औषधं लाकडाशी बांधून टाकली. या मिश्रणाला 'आस्क्यू' नाव पडलं. ते परदेशात गेलं. अमेरिकेत टेलिफोनच्या खांबांना, नंतर घरांच्या कुंपणांना आणि मुलांच्या झोपाळ्यांनाही याच औषधाचं हिरवट लाकूड वापरलं जाऊ लागलं.

मग दुसरी बाजू पुढं आली. विष बांधलेलं असलं तरी थोडं थोडं सुटतं, मातीत उतरतं, हाताला लागतं. लाकूड जाळलं तर धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं. म्हणून अमेरिकेत २००३ साल संपताना घरगुती वापराच्या लाकडाला हे औषध भरणं थांबलं. तिथं आर्सेनिक नसलेली, तांब्याची दुसरी औषधं आली. आपल्याकडच्या आयएस ४०१ या भारतीय मानकात आर्सेनिकचं मिश्रण आहे, तसंच आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेलंही आहे. म्हणजे आपल्यालाही निवड करता येते.

तर खांब घेताना एवढं नक्की विचारा.

एक, औषध कोणतं? त्याचं नाव आणि एका घनमीटर लाकडात किती किलो भरलं, हे बिलावर लिहून घ्या. घराजवळ, परसबागेत आर्सेनिकचं नको म्हणून सांगा.

दोन, एक खांब आपल्यासमोर मधोमध कापायला लावा. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात औषधाचा रंग खोलवर दिसला पाहिजे. नुसती सालीपुरती रेघ दिसली तर खांब परत करा. गाभ्यात औषध फारसं जात नाही. जुन्या सागाचा गाभा मुळातच टिकतो. कोवळ्या सागाच्या बल्लीत मात्र गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त, त्यामुळं 'साग आहे' एवढ्यावर भुलू नका.

तीन, खांब कापावा लागला तर कापलेलं टोक वर ठेवा, मातीत घालू नका. तिथं आतलं कोरं लाकूड उघडं पडलेलं असतं.

चार, बांबू असेल तर लक्षात ठेवा, की बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं औषध पावसात धुऊन जातं. छपराखाली ते चालतं, मातीत रोवायला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, औषधाच्या लाकडाचा तुकडा, भुसा, जुना मोडका खांब किंवा रेल्वेचा काळा स्लीपर चुलीत घालू नका. त्याची राख भांड्याला नको, धान्याला नको, भाजीच्या वाफ्याला नको. तुकडे वेगळे ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण सरपण गोळा करायला बहुतेक लेकरंच जातात.

आमच्या त्या गटानं यंदा पुन्हा कुंपण केलं. कोपऱ्यांना आणि फाटकाला मिळून दहाच खांब घेतले, बोरॉनचं औषध भरलेले. मधल्या जागेत मेंदी लावली. खांब घेताना तूर पुरणारी ताई सगळ्यांच्या पुढं होती. दुकानदार म्हणाला, "ताई, एक खांब वाया जाईल की." ती म्हणाली, "कापा, त्याचे पैसे मी देते." खांब कापला, आत चारही बाजूंनी रंग खोल उतरलेला दिसला, आणि मगच गटाच्या पिशवीतून पैसे निघाले.

तुमच्या गटात कुंपणाचं काम निघालं, तर बैठकीत हे चार प्रश्न आधी वाचून घ्या.