कोवलमचा कप्तान आणि किल्ल्यातले संग्रहालय

मद्रासच्या दक्षिणेला कोवलमचा किनारा आहे. तिथला फ्रेंचांच्या ताब्यातला किल्ला १७५२ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान रॉबर्ट क्लाइव्हने घेतला. त्याचे गोरे शिपाई अगदी नवशिके होते. पहिल्या गोळीबारातच ते पांगले, एक तर विहिरीच्या तळाशी दडलेला सापडला. त्या काळाच्या खुणा आज चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालय सांभाळते आहे.

संग्रहालयाची इमारत १७९५ मध्ये पुरी झाली. आरंभी तिथे मद्रास बँक होती, वरच्या दालनात व्यापारी जमत. १७९६ पासून १८४१ पर्यंत तिच्या माथ्यावर खोबरेल तेलाचे दिवे जळत आणि गलबतांना बंदर दाखवत. पुढे लष्करी अधिकाऱ्यांची मेस आली. १९४० च्या दशकात लेफ्टनंट कर्नल डी. एम. रीड यांनी संग्रहालयाचा ध्यास घेतला. सेंट मेरी चर्च, सरकारी संग्रहालय, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्या अशा अनेकांनी वस्तू दिल्या आणि ३१ जानेवारी १९४८ रोजी दारे उघडली. राज्य गेलेल्यांच्या तसबिरी स्वतंत्र देशाने जपाव्यात का, हा प्रश्न तेव्हा सोपा नव्हता. जपल्या गेल्या, हे योग्यच झाले.

थॉमस बँक्सने घडवलेला गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसचा पुतळाही शहरात जागा बदलत अखेर इथे आला. त्याच्या चौथऱ्यावर १७९२ मध्ये ओलीस दिलेले टिपूचे मुलगे कोरले आहेत. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत हरिपंत फडक्यांची मराठी फौज कॉर्नवॉलिसच्या बाजूला होती, म्हणून मराठी माणसाची पावले तिथे रेंगाळतात.

छापील तसबिरी मात्र वाचायला शिकावे लागते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राखाली बहुधा डावीकडे चित्रकाराचे नाव असते, उजवीकडे कोरणाऱ्याचे. नॅथॅनिएल डान्सच्या तैलचित्रावरून बार्तोलोत्सीने कोरलेली क्लाइव्हची तसबीर प्रसिद्ध आहे. छातीवरचा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश सन्मानाचा तारा पाहावा. तो मान त्याला १७६४ मध्ये मिळाला. म्हणजे हा चेहरा मानमरातब मिळालेल्या लॉर्डाचा आहे. कोवलमवर चालून गेलेला, पळत्या शिपायांना आवरणारा सत्ताविशीतला कप्तान त्यात नाही.

संग्रहालय आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. कोवलमला जाणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. शुक्रवारी ते बंद असते.