मदतीचा ओघ आटल्यावर उरतो तो गावचा स्वयंसेवक

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती. गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गावे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि काही क्षणांत दगडमातीची घरे जमीनदोस्त झाली. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लष्कर आले, डॉक्टर आले, राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदतीचे ट्रक आले. परंतु ही मदत पोहोचण्यापूर्वी ढिगारे उपसणारे पहिले हात शेजाऱ्यांचेच होते.

जगभरातील भूकंपांचा अनुभव असाच आहे. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना गावकरी, शेजारी आणि नातलगच बाहेर काढतात. पुढे महिना-दोन महिन्यांत बाहेरचे कार्यकर्ते परततात, वर्तमानपत्रांतील बातम्या आतल्या पानांवर जातात. पुनर्वसन मात्र काही वर्षे चालते. त्या काळात निराधार वृद्धेचा अर्ज भरून देणारा, घराच्या हप्त्यासाठी तालुक्याला खेटे घालणारा माणूस गावातलाच असतो. बहुधा तो स्वतःही आपद्ग्रस्त असतो. या स्वयंसेवकाच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर पुनर्वसनाचे यशापयश पुष्कळसे अवलंबून असते.

किल्लारीचे ‘संवाद सहायक’

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जसाह्याने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मात्र, कामाचा मोठा हिस्सा वेगळाच होता. शेकडो गावांतील सुमारे दोन लाख घरे पडली नव्हती, पण तडकली होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच शासनाच्या अर्थसाह्यातून करावयाचे होते.

येथे अडचण माहितीची होती. या भागातील जुनी घरे म्हणजे जाड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी छतावर मातीचा जड थर. भूकंपात भिंतीचे आतले व बाहेरचे थर सुटे होऊन कोसळतात आणि माळवदाचा सारा भार माणसांवर येतो. भिंतीत आरपार दगड बसविणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा घालणे, छताचे वजन कमी करणे, हे उपाय अभियंत्यांना ठाऊक होते. परंतु ते प्रत्येक घरापर्यंत कोण पोहोचविणार? आणि दगडी भिंतींची धास्ती घेतलेल्या कुटुंबाला त्याच घरात पुन्हा निजण्याचा धीर कोण देणार?

यासाठी शासनाने ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची मदत घेतली. दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना या कामात आणले. १,२००हून अधिक गावांत स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. कोणाला किती साह्य मिळावयाचे हे समजावून सांगणे, ग्रामसभेत शंका मांडणे, चाललेले बांधकाम पाहणे आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रिया एरवी सार्वजनिक सभेत बोलत नसत, त्या सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारू लागल्या. या स्त्रियांत मुळातच कळकळ होती. शासनाने त्या कळकळीला अधिकृत ओळख दिली आणि संस्थेने प्रशिक्षण दिले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

या अनुभवाचा लाभ महाराष्ट्राबाहेरही झाला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील स्त्रियांना भेटण्यासाठी गेल्या. ‘आम्हीही यातून गेलो आहोत’ हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

कच्छमधील ‘सेतू’

कच्छच्या भूकंपात १३ हजारांहून अधिक बळी गेले. तेथे ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे स्वयंसेवी संस्थांचे जाळे १९९८च्या चक्रीवादळानंतरच उभे राहिले होते. भूकंपानंतर या जाळ्याने गावांच्या समूहांसाठी तीसहून अधिक ‘सेतू’ केंद्रे उघडली. शासनाचे निर्णय गावकऱ्यांना कळविणे आणि गावाच्या गरजा शासनाला व देणगीदारांना कळविणे असे या केंद्रांचे दुहेरी काम होते. एकाच गावात पाच संस्था आणि शेजारच्या गावात एकही नाही, ही विषमता टाळायची तर अशी स्थानिक नोंद अपरिहार्य ठरते.

जपानचा अनुभवही उद्बोधक आहे. १७ जानेवारी १९९५च्या कोबे भूकंपानंतर दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक धावून आले. त्या वर्षाला जपानमध्ये स्वयंसेवेचे पहिले वर्ष असे संबोधले जाते. मात्र, छोट्या संस्थांना कायदेशीर अस्तित्व मिळविणे कठीण आहे, हेही तेव्हा प्रकर्षाने जाणवले. त्यातूनच १९९८ मध्ये ना-नफा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

स्वयंसेवकाच्या गरजा

या अनुभवांवरून गावपातळीवरील स्वयंसेवकाला चार गोष्टी लागतात, असे दिसते.

पहिली, ओळख. हातात नियुक्तीचे पत्र नसेल तर कचेरीत त्याला कोणी दाद देत नाही.

दुसरी, अचूक माहिती. याद्या, निकष आणि मुदती यांविषयी चुकीची माहिती पसरली, तर गावाचा रोष प्रथम स्वयंसेवकावरच येतो.

तिसरी, खर्चाची भरपाई. एसटीचे भाडे, फोन, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी हा भार शेतमजूर कुटुंबातील स्त्रीने सेवाभाव म्हणून किती दिवस सोसावा? देणगीदार बहुधा वस्तूंना पैसे देतात. त्या वस्तू वाटणाऱ्याच्या एसटी-भाड्याची तरतूद मात्र क्वचितच होते.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गरज म्हणजे विसावा. ज्याने स्वतःचे माणूस गमावले आहे, त्याने दिवसभर इतरांचे दुःख ऐकावे, ही अपेक्षा कठोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका प्रसिद्ध केली. परिस्थिती पाहा, माणसाचे ऐका, त्याला योग्य मदतीशी जोडून द्या, हे तिचे सूत्र. कार्यकर्त्याने स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी कशी घ्यावी, याचाही विचार तीत केला आहे. कामाचे तास ठरविणे, जोडीने काम करणे आणि दिवसाअखेर एकत्र बसून बोलणे, या गोष्टी साध्या वाटतात. पण त्यांच्याअभावी चांगले कार्यकर्ते खचतात.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडविण्याचे उद्दिष्ट ठेवून तिचा विस्तार करण्यात आला. त्यात १२ दिवसांचे प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याचा संच आणि विमा यांचा समावेश आहे. ओळख व सुरक्षितता यांच्या दृष्टीने हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र, तिचा भर प्रामुख्याने पहिल्या काही तासांतील बचावकार्यावर आहे. पुनर्वसनाच्या दीर्घ वाटचालीतील स्वयंसेवकाचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा.

शहरवासीयांनी काय करावे?

दूरच्या भूकंपाची बातमी वाचताच कपाटातील जुने कपडे बांधून पाठविण्याकडे आपला कल असतो. रस्त्याकडेला पडलेले अशा कपड्यांचे ढीग प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर दिसतात आणि ते निवडण्यात स्वयंसेवकांचेच श्रम वाया जातात. त्याऐवजी त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेस पैसे द्यावेत. त्यातील काही भाग कार्यकर्त्यांच्या प्रवास, प्रशिक्षण व मानधनासाठी वापरावा, असे आवर्जून लिहून कळवावे. शक्य असल्यास रक्कम एकदम न देता वर्षभर थोडी थोडी द्यावी. स्वतः जावयाचे असेल, तर आधी तेथील कार्यकर्त्यांना विचारावे, आपला शिधा व मुक्कामाची सोय बरोबर न्यावी. अभियंता, वकील, लेखापाल, समुपदेशक यांनी आपले कौशल्य स्थानिकांच्या हाताखाली राहून द्यावे.

छायाचित्रांचा मोहही आवरता घ्यावा. मदत स्वीकारणाऱ्याचा चेहरा जगापुढे मांडून आपण त्याचे दुःख हलके करीत नाही. गावातील स्वयंसेवकाला मात्र त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड द्यावयाचे असते.

भूकंप टाळणे माणसाच्या हाती नाही आणि तो केव्हा होईल हे अचूक सांगणारे शास्त्रही अद्याप उपलब्ध नाही. पण किल्लारीच्या संवाद सहायक स्त्रिया भूकंपापूर्वीही त्याच गावांत राहत होत्या, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढच्या वेळी आपत्ती कोसळण्याची वाट न पाहता अशा माणसांची आधीच विचारपूस झाली, तर मदतीचा पहिला दिवस अधिक शहाणपणाने सुरू होईल.