गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाद्वारे दूरस्थ ग्रहांचा शोध

आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत आहे. २० जूनच्या सुमारास मध्यरात्री ते रायपूरच्या आकाशात दक्षिणेस सुमारे ४० अंश उंचीवर येते. सूक्ष्मभिंग पद्धतीने ग्रह शोधण्यासाठी हाच ताऱ्यांनी गजबजलेला भाग पाहावा लागतो. मात्र छत्तीसगडमध्ये नेमका याच दिवसांत पावसाळा सुरू होतो.

एखादा तारा दुसऱ्या, अधिक दूरच्या ताऱ्याच्या जवळजवळ समोरून गेला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागील ताऱ्याचे किरण वाकतात व तो तारा काही आठवडे अधिक तेजस्वी दिसतो. समोरच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्यास या तेजात आणखी एक अल्पकालीन चढउतार उमटतो. गुरूएवढ्या ग्रहासाठी तो सुमारे एक दिवस टिकतो, पृथ्वीएवढ्या ग्रहासाठी अवघे काही तास. ती घटना पुन्हा घडत नाही.

ताऱ्यांच्या बाबतीत हा आविष्कार प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही, असे मत आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये नोंदवले होते. बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्ये लक्षावधी ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवण्याचा मार्ग सुचवला. १९९१ मध्ये शुडे माओ यांच्यासह त्यांनी याच मार्गाने ग्रहही सापडतील, असे दाखवून दिले. पहिला ग्रह २००३ च्या निरीक्षणांतून मिळाला. १० ऑगस्ट २००५ रोजी टिपलेल्या अशाच एका चढउतारातून पृथ्वीच्या सुमारे साडेपाच पट वस्तुमानाचा, उणे २२० अंश सेल्सिअस इतका थंड ग्रह उघडकीस आला. तो सुमारे २० हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

या पद्धतीत ग्रह व तारा यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते. ग्रहाचा आकार वा वातावरण समजत नाही, ही तिची मोठी मर्यादा होय. तरीही ताऱ्यापासून दूर फिरणारे थंड ग्रह, किंबहुना कोणत्याही ताऱ्याशी न बांधलेले ग्रह, शोधण्यात तिची बरोबरी करणारी पद्धत क्वचितच आढळते.

घटना निसटू नये म्हणून चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील दुर्बिणी आळीपाळीने पहारा देतात. तेथे धनू रास डोक्यावर येते. भारतात अडचण केवळ अक्षांशाची नाही. रायपूरहून दिसणारी ४० अंशांची उंची निरीक्षणास पुरेशी आहे. खरा अडसर मोसमी ढगांचा आहे.

भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळी दिशा निवडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह व के. सुब्रमण्यन यांनी १९८० च्या दशकात गुरुत्वीय भिंगांवर पायाभूत काम केले होते. पुढे नैनितालच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीने १९९८ ते २००२ या काळात देवयानी दीर्घिकेचे सूक्ष्मभिंग सर्वेक्षण झाले; त्यात नरसिंह यांचाही सहभाग होता. देवयानी पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ रात्रींत उत्तम दिसते. या सर्वेक्षणातील पहिली संभाव्य घटना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे शोध होता तो अदृश्य वस्तुमानाचा, ग्रहांचा नव्हे.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकी शिकवली जाते. तेथे पुण्याच्या 'आयुका'चे संसाधन केंद्रही स्थापन करण्यात आले. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीच्या कार्यक्रमात आकाशगंगेच्या मध्यभागाचे सूक्ष्मभिंग सर्वेक्षण समाविष्ट आहे आणि त्यातील माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याचे धोरण आहे. अशा माहितीच्या विश्लेषणाला पावसाळ्याची अडचण नसते.