तुटलेली नस आणि तिचा शेजार

मागच्या व्याख्यानात आपण 'स्वभाव' या शब्दापाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट होत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ते न होणे त्या वस्तूच्या स्वभावात असते की तिच्या परिस्थितीत? आज हाच प्रश्न घेऊन आपण शरीरशास्त्राच्या इतिहासात जरा फिरून येऊ. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, प्रयोगशाळेत पाऊल ठेवले नाही. तेव्हा श्रोत्यांत कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदना वाहणारी, मज्जातंतूंची जुडी. 1850 साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून पाहिल्या. कापल्या जागेच्या पलीकडचा तुकडा हळूहळू विघटित होत गेला. मूळ पेशीला जोडलेला अलीकडचा भाग टिकला. पुढे कळले की हातापायांच्या नसांत याच अलीकडच्या टोकाला नवे अंकुर फुटतात. वेग किती? दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर. म्हणजे खांद्यापाशी नस तुटली आणि बोटे 70 सेंटिमीटरवर असली, तर हिशेब करा, 700 दिवस. तोवर हाताचे स्नायू वाट बघून सुकायला लागलेले असतात.

हे हातापायांचे झाले. मेंदू आणि मज्जारज्जू यांत मात्र तुटलेला तंतू थोडा धडपडतो आणि थांबतो. माद्रिदच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1913-14 मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथात यावर फार कठोर निवाडा लिहिला, आणि तोच पुढे पिढ्यान् पिढ्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पाठ केला: इथे सारे मरू शकते, नवे काही उगवत नाही. बघा, मोठ्या माणसाचे अर्धे वाक्य कसे टिकते! कारण हा निवाडा बदलणे भविष्यातल्या विज्ञानाच्या हाती आहे, असेही त्यांनी तिथेच लिहिले होते. शिवाय त्यांच्याच शिष्याने, फ्रान्सिस्को तेयो यांनी, 1911 साली सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा रोवला होता, आणि त्या तुकड्यात नवे तंतू शिरताना दिसले होते. काहाल यांनी अर्थही बरोबर लावला: पायाच्या नसेतल्या श्वान पेशी तंतूंना काहीतरी पुरवतात, ते मेंदूत मिळत नाही. (श्वान हे थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव, कुत्र्याचा संबंध नाही. कुष्ठरोगाचा जंतू याच पेशींत घर करतो, म्हणून त्या रोगात हातापायांना बधिरपणा येतो.)

मग सत्तर वर्षे का गेली? कारण ते तंतू मेंदूतल्याच पेशींचे, की आवरणातल्या नसांतून आत घुसलेले, हे त्या काळी सिद्ध करता येत नव्हते. शंका रास्त होती. ती फिटली 1980-81 च्या सुमारास, मॉन्ट्रियलमध्ये. सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मेंदूचा तळ आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पायाच्या नसेचा पूल टाकला. हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळापासून काढलेले एक विकर वापरून त्यांनी प्रत्येक तंतूचा माग मूळ पेशीपर्यंत काढला. तंतू तिथलेच होते आणि सुमारे 30 मिलिमीटर वाढले होते! पण पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरताच ते अडले. आमच्या मते या प्रयोगातला सर्वांत बोलका भाग हा अडण्याचाच. तंतू तोच, पेशी तीच; शेजार बदलला आणि चाल थांबली.

टिश्यू इंजिनिअरिंग नावाची शाखा याच शेजाराची बांधणी करू पाहते. कल्पना जुनी आहे. 1882 साली व्हॅनलेअर यांनी चुना काढून टाकलेल्या हाडाची नळी करून कुत्र्याच्या नसेतले 3 सेंटिमीटरचे अंतर सांधायचा प्रयत्न केला होता. 1982 मध्ये स्वीडनचे यॉरान लुंडबोर्ग आणि सहकारी यांना सिलिकॉनच्या नळीत उंदराची नस 10 मिलिमीटर अंतर ओलांडताना दिसली. अंतर 15 केले की ती हरली. नळीत आधी दोन्ही टोकांकडून द्रव झिरपतो, त्यातून फायब्रिनचा धागा जमतो, त्यावरून श्वान पेशी सरकतात आणि मागून तंतू येतात. अंतर वाढले की धागाच जमत नाही. आज माणसांत कोलॅजेनच्या नळ्या वापरतात. अमेरिकेत 2001 साली अशा एका नळीला परवानगी मिळाली. पण त्या लहान अंतरापुरत्याच. अंतर मोठे असले की आजही शल्यविशारद पोटरीतली एक नस काढून जोडतात आणि पावलाची बाहेरची कड बधिर होणे पत्करतात. शेवटी खऱ्या नसेला तोड अजून खरी नसच.

इथे एक चिठ्ठी आली आहे: 'मुलाच्या पाठीच्या कण्याला चार वर्षांपूर्वी मार लागला. या नळीचा उपयोग होईल का?' ताई, नाही. या नळ्या हातापायांच्या नसांसाठी आहेत. मज्जारज्जू पूर्ववत जोडून देणारा उपचार आज नेहमीच्या वैद्यकात नाही, आणि असे सांगताना आम्हाला जड जाते. 'कधीच होणार नाही' असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते कशामुळे, हे आत्ता आपण पाहिले. पण स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन पोरगा चालेल असे सांगत कोणी पैसे मागितले, तर आधी विचारा, ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात स्टेम सेलचा वापर हा संशोधनच ठरतो, उपचार नव्हे. हे कागदावर दाखवा म्हणावे, मगच पुढचे बोलावे.