रायगडचा किनारा आणि पोस्टकार्डांचा छंद

स्वातंत्र्यानंतर नव्या चित्राचे पहिले भारतीय पोस्टकार्ड ७ डिसेंबर १९४९ रोजी निघाले. त्यावरील छापील तिकिटात हिरव्या रंगातली त्रिमूर्ती होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पुरातत्त्वविषयक तिकिटांची मालिका प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यातील नऊ पैंच्या तिकिटावरही हीच त्रिमूर्ती विराजमान होती. नव्या प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर सामान्य माणसाच्या खुशालीच्या पत्रावर छापली गेलेली ही मूर्ती घारापुरीच्या लेण्यातली. आणि घारापुरी हे आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे बेट. पोस्टकार्डे जमविण्याच्या आणि जगभरच्या लोकांशी त्यांची देवाणघेवाण करण्याच्या छंदाची ओळख करून घेताना रायगडच्या किनाऱ्यापासून सुरुवात करावी, ती यामुळेच.

कार्डाचा जन्म

पाकिटाशिवाय, उघड्यावर मजकूर लिहून पाठवायचे कार्ड प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी विक्रीस आणले. थोडक्या मजकुरासाठी पूर्ण पत्राचा खर्च कशाला, हा विचार इमॅन्युएल हेरमान या अर्थशास्त्रज्ञाने मांडला होता. १८७४ मध्ये बर्न येथे टपालविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. सदस्य देशांचा मिळून एकच टपाल-प्रदेश मानावा, हे त्याचे सूत्र. त्यातून आजच्या जागतिक टपाल संघाची उभारणी झाली. भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. एका देशाचे तिकीट लावलेले कार्ड दुसऱ्या देशात जादा आकार न पडता घरपोच मिळते, ते या करारामुळे. कार्डांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा सारा डोलारा याच पायावर उभा आहे.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी अवतरले. किंमत पाव आणा. कोकणातल्या घरांना आणि मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या चाकरमान्यांना जोडणारा हा सर्वांत स्वस्त धागा ठरला. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना पोस्टमन कार्ड वाचून दाखवी. मंगलकार्याच्या पत्राला कुंकवाचे बोट लागे. कोपरा फाडलेले कार्ड दिसले की वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. असे अशुभ वार्तेचे कार्ड घरात ठेवीत नसत. जुन्या कार्डांच्या संग्रहांत दुःखाची पत्रे क्वचितच सापडतात, याचे एक कारण या रिवाजात आहे.

घारापुरी, पण ‘मुंबई’च्या नावाने

एका बाजूस चित्र असलेल्या कार्डांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहर आला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो टिकला. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी, फोटोटाइप कंपनी यांसारख्या संस्थांनी शहराची व परिसराची कार्डे काढली. लंडनच्या राफेल टक अँड सन्स या प्रकाशकांनीही भारतीय विषयांची कार्डे मोठ्या प्रमाणावर विकली. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील माणसे कार्डांसाठी रंगविली. त्या काळातील बरीच कार्डे जर्मनीत छापून येत. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि हा पुरवठा आटला.

बोटीतून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशाच्या कार्यक्रमात घारापुरीची सफर ठरलेली असे. साहजिकच तेथील लेण्यांची कार्डे विपुल निघाली. मात्र त्यांवर नाव असे ते ‘एलिफंटा, मुंबई’. पोर्तुगीजांनी बेटावरच्या दगडी हत्तीवरून दिलेले नाव जगभर पोहोचले. घारापुरी हे मूळ नाव मागे राहिले. तो हत्तीही आता बेटावर नाही. १८६४ मध्ये हलविण्याच्या प्रयत्नात तो भंगला. पुढे जोडून उभा केलेला तो हत्ती मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ‘त्रिमूर्ती’ या नावाचीही तीच गत. ब्रह्मा, विष्णू, महेश यांची म्हणून ती प्रसिद्ध असली, तरी अभ्यासक तिला सदाशिवाची मूर्ती मानतात.

याचा अर्थ एवढाच, की चित्रकार्ड हे निव्वळ चित्र नसते. कोणते ठिकाण दाखवायचे आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे कार्ड काढणारा ठरवितो. शंभर वर्षे जगाने रायगडच्या किनाऱ्याचा हा तुकडा पाहिला तो मुंबईची पुरवणी म्हणून. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा उर्वरित किनारा तर कार्डांवर अभावानेच आढळतो.

जुन्या कार्डाचे वय

पोस्टकार्डांच्या संग्रहाला व अभ्यासाला डेल्टिऑलॉजी असे नाव आहे. संग्राहकासमोरचा पहिला प्रश्न कार्डाच्या काळाचा. त्याची उत्तरे कार्डावरच असतात. पाठीमागची बाजू अखंड असून तेथे केवळ पत्ता लिहिण्याची मुभा असेल, आणि मजकूर चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने लिहिलेला असेल, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे अथवा त्याआधीचे. मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता, ही पद्धत ब्रिटनने १९०२ मध्ये सुरू केली आणि मग इतर देशांनी ती उचलली.

दुसरी खूण तिकिटाची. विलायतेस जाणाऱ्या कार्डांवर एक आण्याचे लाल तिकीट नेहमी दिसते. त्यावर व्हिक्टोरिया राणी, सातवे एडवर्ड की पंचम जॉर्ज, हे पाहिले की काळाचा अंदाज येतो. तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण टपालाच्या शिक्क्याची. मात्र शिक्क्यावरून कार्ड केव्हा पाठविले ते कळते, छायाचित्र केव्हा काढले ते नव्हे. एकच छायाचित्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापले जात असे. तिकीट काढून घेतलेले कार्ड म्हणूनच निम्मे मुके होते. ‘मॅक्सिमम कार्ड’ या प्रकारात चित्र, तिकीट आणि शिक्का या तिन्हींचा विषय एकच असावा लागतो आणि तिकीट चित्राच्या बाजूस चिकटवितात. त्रिमूर्तीच्या चित्रावर १९४९ चे नऊ पैंचे तिकीट, ही अशा कार्डाची सहज कल्पना.

देवाणघेवाणीची रीत

पूर्वी पत्रमैत्रीच्या मंडळांतून व मासिकांतील पत्त्यांवरून कार्डांची अदलाबदल चाले. या छंदाला नवे बळ मिळाले ते १४ जुलै २००५ रोजी पोर्तुगालमधील पाउलो मॅगाल्हाइश या तरुणाने सुरू केलेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’ या उपक्रमामुळे. त्याची रचना साधी आहे. सभासदाने पत्ता मागितला की जगातील कोणत्या तरी अनोळखी सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक त्याला मिळतो. भारतातून निघणाऱ्या कार्डाच्या क्रमांकाआधी भारताची दोन आद्याक्षरे असतात. तो क्रमांक कार्डावर लिहायचा. कार्ड पोहोचल्यावर ते मिळाल्याची नोंद पलीकडचा सभासद करतो. त्यानंतर पाठविणाऱ्याचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. ज्याला कार्ड पाठविले त्याच्याकडूनच उत्तर येईल असे नाही. पण जितकी कार्डे पोहोचतील, साधारण तितकी घरी येतात. या रीतीने आजवर सात कोटींहून अधिक कार्डे पोहोचली आहेत. पोस्टकार्डाला दीडशे वर्षे झाली ते निमित्त साधून १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणूनही पाळला जाऊ लागला.

ज्यांना एकाच व्यक्तीशी संवाद वाढवायचा आहे, त्यांच्यासाठी थेट अदलाबदल हा मार्ग आहेच. दीपस्तंभ, किल्ले, बोटी, जागतिक वारसास्थळे असा एखादा विषय धरून दोन संग्राहक आपसांत कार्डे ठरवून पाठवितात.

किनाऱ्यावरून काय पाठवावे

कोऱ्या जागेत हवापाण्यापलीकडे काय लिहावे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. रायगडच्या किनाऱ्याकडे त्याचे भरपूर साहित्य आहे. घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांची त्या यादीत नोंद झाली, त्यांत रायगड आणि अलिबागनजीकचा जलदुर्ग खांदेरी आहे. मुरूडचा जंजिरा हे सिद्दींचे राज्य. आफ्रिकेतील वाचकाला तो दुवा जवळचा वाटेल. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला होता. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. कोर्लईतील पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली लिस्बनच्या रहिवाशाला चकित करील. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस आली, हे एका ओळीत सांगता येते.

इस्रायलला जाणाऱ्या कार्डाचे मोल आणखी निराळे. बेने इस्रायल समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. चेऊलकर, रेवदंडकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे आज इस्रायलमध्येही आहेत. अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगचे चित्र तेथील एखाद्या घरात पोहोचले, तर ते पाहुण्याचे नव्हे, माहेरचे कार्ड ठरते.

पाठविताना आणि जपताना

किनाऱ्यावरील गावांत छापील चित्रकार्डे मिळणे दुरापास्त असते. त्यावर उपाय म्हणजे स्वतः काढलेले छायाचित्र जाड कागदावर छापून घेणे. ए-६, म्हणजे १४८ गुणिले १०५ मिलिमीटर, हा आकार सोयीचा. देशांतर्गत पन्नास पैशांचे कार्ड तसेच परदेशी चालत नाही. परदेशी कार्डाचा त्या दिवसाचा दर टपाल कचेरीत विचारून पुरेशी तिकिटे लावावीत आणि शिक्का समोरच, स्पष्ट मारून देण्याची विनंती करावी. पत्ता रोमन लिपीत सुटा लिहून शेवटच्या ओळीत देशाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. शाईच्या पेनापेक्षा बॉलपेन बरे. पावसाळ्यात कार्ड भिजतेच. स्वतःच्या पत्त्यात पिनकोड चुकवू नये. कोकणचेच सुपुत्र, संस्कृतज्ञ श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या प्रयत्नांतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला. अलिबागेचा ४०२२०१, मुरूडचा ४०२४०१, श्रीवर्धनचा ४०२११०. कार्ड कुणालाही वाचता येते, म्हणून खासगी तपशील त्यावर लिहू नयेत. घरचा पत्ता अनोळखी माणसाकडे जाणार, याचे भानही ठेवावे.

जपणूक हा किनाऱ्यावरचा खरा प्रश्न. खारट, दमट हवेत कागदाला बुरशी लागते. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या कालांतराने कागदाला चिकटतात; पॉलिप्रॉपिलीन वा पॉलिएस्टरच्या वापराव्यात. कार्डे डिंकाने चिकटवू नयेत, लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. नोंद करायची ती पेन्सिलीने. पावसाळ्यानंतर कार्डे काढून सावलीत वारा द्यावा. ऊन दाखवू नये, रंग उडतो.

जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकांच्या तळाशी तारेत ओवलेली कार्डे आजही असतात. रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवरचे शिक्के एकदा वाचून पाहावेत. किनाऱ्याची चित्रे परक्यांनी काढली आणि नावेही परक्यांनी दिली. पण कार्डाच्या पाठीवरचा मजकूर येथल्याच माणसांच्या हातचा आहे. आज नवे कार्ड टाकणाऱ्यालाही चित्राखाली ‘घारापुरी, जिल्हा रायगड’ असे लिहिता येते. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ते नाव पहिल्यांदाच वाचील.