पळीभर तेल

देवगांव रंगारीकडील एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वी माझ्या वर्गांत होता. मुलगा सरळ, कष्टाळू, वर्गांत नेहमीं पुढच्या बांकावर बसणारा. परीक्षेंत मात्र तो दोनदां मागें पडला. मीं त्याला पुस्तक घेऊन घरीं बोलाविलें. पुस्तक पाहून मला हसूं आलें आणि वाईटहि वाटलें. पानापानावर तांबड्या, निळ्या, हिरव्या रेघा. जणूं त्याच्या गांवच्या नांवांतील रंगाऱ्यानेंच तें रंगवून दिलें होतें. "एवढें वाचलेंस ना? आतां पुस्तक मीट आणि या प्रकरणांत काय आहे तें मला सांग," असें मीं म्हटलें. तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "सर, पुस्तक उघडं असलं की सगळं येतं." त्याचे वडील बरोबर आले होते. ते म्हणाले, "पोराला अभ्यासाची सवयच नाही, सर. तेवढी तुम्ही लावून द्या."

वडिलांचें हें वाक्य माझ्या मनांत राहून गेलें. संवय ही दुसऱ्यानें लावून देतां येण्याजोगी वस्तु आहे काय? कीं ती ज्याची त्यानेंच अंगीं बाणवावयाची असते? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. देवगांवाहून कन्नडला जावें, औट्रम घाट उतरावा आणि चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें अठरा किलोमीटरांवर डोंगराच्या कुशींत असलेलें पाटण गांठावें. आठशें वर्षांपूर्वींचें एक उत्तर तेथें दगडावर कोरलेलें आहे.

पाटणच्या भवानीच्या देवळांतील हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक जे निकुंभ राजे, त्यांपैकीं सोइदेव यानें श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या वेळीं एका मठाला दान दिलें, असें त्यांत सांगितलें आहे. हा मठ काढणारा चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी आणि सुप्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू. मठाचा हेतुहि लेखांत स्पष्ट आहे: सिद्धान्तशिरोमणि व आजोबांचे इतर ग्रंथ यांचें अध्ययन तेथें चालावें. ज्योतिषाच्या पाठशाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान मिळावें, हा योग मोठा समर्पक म्हटला पाहिजे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. त्यांत भास्कराचार्यांच्या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्वत्ता वर्णिली आहे. परंतु दानाचा तपशील जेथें येतो तेथें लेखाची भाषा एकदम बदलते आणि मराठी होते. याचें कारण उघड दिसतें. कुळाची थोरवी पंडितांना कळली म्हणजे पुरे. पण देणें कोणीं किती द्यावयाचें हें बाजारांतल्या माणसाला कळावयास हवें. पाटणच्या बाजारांत जो माल विकावयास येई त्यावरील राजाचा हक्क मठाला दिला आहे. आणि गांवांत जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनीं पळी पळी तेल द्यावें, असें ठरविलें आहे.

मराठी भाषेच्या इतिहासकारांना हा लेख जुन्या मराठीचा नमुना म्हणून मोलाचा वाटतो. मला शिक्षक या नात्यानें त्यांतील ती पळीभर तेलाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्या तेल्यानें ती पळी मठांत ओतली त्याला लीलावतींतील एकहि सूत्र ठाऊक नसेल. पण मठांतील दिवे त्याच्याच तेलावर जळले असावेत. अभ्यासाला वेळ लागतो, जागा लागते, उजेड लागतो आणि शिकविणाऱ्याच्या पोटाची तजवीज लागते. या गोष्टी विद्यार्थ्यानें एकट्यानें निर्माण करावयाच्या नसतात. त्या गांवानें पुरवावयाच्या असतात, आणि पाटण गांवानें त्या पुरविल्या. संवयीचा अर्धा भाग 'लावून देतां' येतो तो असा.

आतां उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळूं. मठांतील विद्यार्थी शिके कसा? याची कल्पना त्याच्या पाठ्यग्रंथावरून येते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. सिद्धान्तशिरोमणि त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, १९५० च्या बरोबर आठशें वर्षें आधीं, ११५० सालीं पुरा केला. लीलावती हें अंकगणित व भूमिति यांवरील पुस्तक त्याच्याच आरंभीं येतें. तें सारें पद्यांत आहे. सूत्र चारदोन चरणांत सांगावयाचें, विद्यार्थ्यानें तें मुखोद्गत करावयाचें, आणि लगेच त्याच्यापुढें एक प्रश्न टाकावयाचा, अशी त्याची रचना आहे.

एक प्रश्न असा आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशीं सापाचें बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत असतां मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघे सारखेंच अंतर चालले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गांठ पडेल? उत्तर बारा हात असें येतें. पण हा प्रश्न सोडविण्यासाठीं कोणतें सूत्र लावावयाचें, हें मोरहि सांगत नाहीं आणि सापहि सांगत नाहीं. कर्ण, भुज व कोटि यांचा संबंध विद्यार्थ्यानें आपल्या मनाच्या कोठारांतून स्वतः काढून आणावयाचा. सूत्र पाठ असून तें योग्य वेळीं आठवलें नाहीं, तर साप बिळांत गेलाच म्हणून समजावें!

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या गणिताला पाटीगणित म्हणत. पाटीवर धूळ पसरून तींत आंकडे मांडावयाचे आणि हिशेब झाला कीं पुसून टाकावयाचे. दुसऱ्या दिवशीं पाटी कोरी. ज्याच्याखालीं रेघ ओढावी असें कांहीं शिल्लकच उरत नसे. उरे तें डोक्यांत. साधनांच्या या दारिद्र्यामुळें एक चांगली संवय आपोआप लागत असे. ग्रंथ मिटलेला असतांना आपणांस काय येतें, हें विद्यार्थ्याला रोज कळे.

यावर कोणी म्हणेल कीं, ही तर घोकंपट्टीच झाली. हा आक्षेप खोटा नाहीं. पुष्कळ पाठशाळांतून पुढें नुसती घोकंपट्टीच उरली. परंतु भास्कराचार्यांचा मार्ग तो नव्हे. बीजगणितांत त्यांनीं स्पष्ट बजावलें आहे कीं, बीज म्हणजे अक्षरें नव्हेत; बुद्धि हेंच एक बीज. पाठांतर हें त्यांच्या लेखीं धान्य भरून ठेवण्यासारखें आहे. दळण, कांडण आणि रांधणें प्रश्नांच्या निमित्तानें व्हावयाचें. याच कारणास्तव हा ग्रंथ जिवंत राहिला. चारशें वर्षांनीं, १५४५ सालीं, गणेश दैवज्ञांनीं लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, तेव्हांहि तो शिकणारे होते आणि त्यांना शंका पडत होत्या.

पाश्चात्यांकडे या विषयाचा प्रयोगानें विचार होण्यास १८८५ साल उजाडावें लागलें. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते आपण किती वेगानें विसरतों हें मोजलें. पाठ केलेलें प्रथम फार झपाट्यानें विसरलें जातें, पुढें सावकाश. आणि एकाच बैठकींत पुष्कळ उजळणी करण्यापेक्षां तीच उजळणी कांहीं दिवसांवर विभागली तर श्रम वांचतात, असें त्याला आढळून आलें. पुढील संशोधकांनीं यांत एका गोष्टीची भर घातली. पुन्हां पुन्हां वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून आठवून पाहणें अधिक टिकाऊ ठरतें. निळीचें काम ज्यानें पाहिलें असेल त्याला हें नवल वाटणार नाहीं. कापड एकदांच फार वेळ बुडवून ठेवलें म्हणून रंग गडद होत नाहीं. तें बुडवावें, वर काढून वाऱ्यावर धरावें, पुन्हां बुडवावें. दर खेपेस रंग चढत जातो. 'अभ्यास' या शब्दाचा मूळ अर्थ तरी पुनरावृत्ति हाच ना? दीर्घकाळ, खंड न पाडतां आणि आदरानें केलेला अभ्यास दृढ होतो, असें पतंजलीनेंहि म्हटलें आहे.

परंतु पाटणच्या मठाचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. तेल साऱ्या घाण्यांचें असलें तरी दिव्यापाशीं बसण्याचा अधिकार साऱ्या मुलांना नव्हता. ज्या तेल्याच्या पळीवर दिवा जळे त्याच्या मुलाला लीलावती शिकविली गेली असेल, असें मानण्यास जागा नाहीं. 'अमक्या जातीच्या मुलांना अभ्यासाची संवयच नाहीं' असें पुढें शतकानुशतकें म्हटलें गेलें. ज्यांना दिव्यापासून दूर ठेवलें त्यांनाच अंधाराचा दोष दिला गेला. मराठवाड्यावर तर आणखी एक अडचण आली. निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें तें उर्दू माध्यमाचें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला वरचें शिक्षण परक्या भाषेंतून घ्यावें लागे. जी भाषा पुरती समजत नाहीं तींतील मजकूर मुलगा पाठ करील, पण पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत कसा सांगेल?

दिव्यापाशीं बसण्याचा हक्क ज्यांनीं झगडून मिळविला त्यांत डॉ. आंबेडकरांचें नांव पहिलें. मुंबईस परळच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राहत असे. मुलगा लवकर निजे; वडील रामजी जागे राहून रात्रीं दोन वाजतां त्याला उठवीत आणि मग आपण पाठ टेंकीत. घासलेटच्या दिव्यावर मुलाचा अभ्यास चाले. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. रामजींनीं मुलाला दिली ती झोंपावयाच्या जागेची, झोंपेची व उजेडाची सोय. त्या उजेडांतील कष्ट मुलाचे स्वतःचे. पाटणला जें गांवानें केलें तें येथें एका बापानें आपली झोंप मोडून केलें. पुढें १९५० सालीं याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. मिलिंद महाविद्यालय या नांवानें तें सर्वांना परिचित आहे. ज्यांच्या घरांत पुस्तक आलें नव्हतें अशीं मुलें तेथें शिकलीं. पळीभर तेलाचा तो जुना करार या खेपेस सर्वांसाठीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मीं त्या दिवशीं नीटसें उत्तर देऊं शकलों नाहीं. आज विचारलें तर असें सांगेन: संवय अर्धी तुम्हीं लावा, अर्धी त्यानें लावावी. घरांतला एक कोपरा आणि दिवसांतला एक तास त्याचा म्हणून राखून ठेवा. त्या तासांत त्याला दुकानावर पाठवूं नका, पाहुण्यांपुढें बसवूं नका. आणि मुलाला सांगेन कीं, रेघा ओढूं नकोस. थोडें वाच, पुस्तक मीट, काय राहिलें तें कोऱ्या कागदावर लिही, चुकलें तें पाहा. दोन दिवसांनीं पुन्हां, आठवड्यानें पुन्हां. पहिल्या दिवशीं कागद जवळजवळ कोरा राहील. त्यानें लाजूं नये. पाटणच्या मठांतील पाटीहि रोज सकाळीं कोरीच असे.